नारिंगी, हिरवी आणि नऊ इंच

"नारिंगी घेणारे जास्त मूर्ख की हिरवी घेणारे? एका शब्दात उत्तर द्या."

एवढं टाइप करून भिंगरीने बोटं उचलली. मंगळवारची मधली सुट्टी होती आणि शाळेच्या संगणकाच्या खोलीत तिघीच होत्या. भिंगरीच्या डाव्या खांद्यावर चिमणीची हनुवटी टेकलेली, उजव्या खांद्यावर वकीलबाईची.

"पाठव ना. हात का थरथरतोय?" वकीलबाई म्हणाली. ती वर्गात कुणाच्याही बाजूने भांडायला उभी राहायची, फी न घेता.

"हात नाही थरथरत, पाय हलतोय. तो काय, नेहमीच हलतो."

ते खरंच होतं. तिचं कागदोपत्री नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी जग तिला भिंगरीच म्हणायचं. पाय असे चालायचे, पण तोंड मात्र गेल्या वर्षापर्यंत कुलूपबंद होतं. मग एकदा शाळेच्या कार्यक्रमात माइक बंद पडला, आभार मानायला तिलाच ढकललेलं होतं, आणि तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन भिंतीवर आपटून परत आला. तेव्हापासून कुलूप जे उघडलं ते पुन्हा लागलं नाही. किल्ली कुठे पडली तेही कुणी शोधलं नाही.

पैज अशी होती. भिंगरी म्हणाली होती की 'करवतकट्टा' नावाचं एक संकेतस्थळ आहे, तिथे लाकूड कापणारी माणसं यंत्रांवर गप्पा मारतात, आणि तिथे कुणीही, कधीही भांडत नाही. वकीलबाईला हे पटणं शक्यच नव्हतं. "इंटरनेटवर भांडत नाहीत? मग करतात काय तिथे?" तिने लगेच अट घातली. भिंगरीने तिथे एक असा प्रश्न विचारायचा की कट्ट्याला आग लागलीच पाहिजे. लागली नाही तर वकीलबाई आठवडाभर दोघींची दप्तरं वाहणार. लागली तर भिंगरी.

भिंगरीने बटण दाबलं.

दप्तराची पैज होती खरी, पण प्रश्न काही थट्टेचा नव्हता. तिच्या घरात अकरा दिवस याच प्रश्नावरून आई-बाबा एकमेकांशी बोलत नव्हते.

त्यांची लाकडाची वखार होती, घराला चिकटूनच. मधे एकच भिंत, तीही भुशाला अडवू शकत नव्हती; चहात भुसा, वह्यांत भुसा, धुतलेल्या मोज्यांत भुसा. वखारीतली मोठी करवत जागेवर पक्की बसवलेली. पण आजूबाजूला घरं वाढली, आवाजाच्या तक्रारी झाल्या, आणि आता महिनाअखेर ती कायमची बंद करायची होती. उपाय एकच उरला होता. चाकांवरची फिरती गिरणी घ्यायची, गाडीमागे जोडायची, आणि झाड जिथे पडलं असेल तिथे जाऊन फळ्या पाडून द्यायच्या. अशा गिरणीत ओंडका जागच्या जागी राहतो आणि करवतीचा पट्टा बसवलेलं डोकं दोन रुळांवरून त्याच्यावरून सरकत जातं. दुकानात दोन कंपन्यांच्या गिरण्या होत्या, एक नारिंगी रंगाची, एक हिरव्या. बाबा म्हणत हिरवी. आई म्हणे नारिंगी. दुकानदाराने दोन्ही शनिवारी सकाळी दहापर्यंत राखून ठेवल्या होत्या, आणि घड्याळामागे एक पत्र खोचलेलं होतं. सहा तासांच्या अंतरावरच्या एका बड्या मिलमध्ये बाबांना नोकरी, राहायला खोली, महिन्यातून एकदा घरी. शनिवारपर्यंत ठरलं नाही तर बाबा ते पत्र स्वीकारणार होते.

भिंगरी दिवसातून दहा वेळा घड्याळ बघायची. वेळ बघतेय असं सगळ्यांना वाटायचं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई तिच्या बाकावर पट्ट्याच्या दातांना कानस मारत होती. गावभरच्या करवतींना धार लावायला लोक आईकडेच यायचे. बाबा पाण्याची भरलेली बादली उजव्या हाताने उचलून नेत होते आणि शिट्टी वाजवत होते. शिट्टीचा सूर ठीक होता, चेहरा मात्र लाल झाला होता.

"तुझ्या बाबांना म्हणावं, हिरवीचे रूळ म्हणजे पत्र्याचा डबा आहे," आई कानस न थांबवता म्हणाली.

"तुझ्या आईला म्हणावं," बाबा बादली ठेवून म्हणाले, "नारिंगी चिखलात रुतली की ती बाहेर काढायला दुसरी नारिंगी लागेल."

"मी काय टपाल खातं आहे का?" भिंगरी म्हणाली. "दोघं चार हातांवर उभे आहात. ऐकू येतंय की एकमेकांना."

"त्यांना ऐकू येतं. पटत नाही."

"तिला पटतं. कबूल करायचं नसतं."

मग बाबा फोन घेऊन ओंडक्यांच्या थप्पीमागे गेले आणि आईने बाकाच्या खणातून आपला फोन काढून चष्मा लावला. हल्ली रोजचंच होतं हे. भिंगरीला वाटायचं, चित्रफिती बघत असतील. बोलायला माणूस नसलं की लोक बघतात.

तिने स्वतःचा तडा गेलेला फोन उघडला. करवतकट्ट्यावर तिच्या प्रश्नाला सात उत्तरं आली होती. लागली आग, आता दप्तरं वाहायची.

पहिलं उत्तर कट्टा सांभाळणाऱ्या भुसेकाकांचं होतं. "ताई, स्वागत आहे. प्रश्न थेट आहे, त्याचं कौतुक वाटलं. एका शब्दात उत्तर मागितलंत, म्हणून एकच शब्द देतो: चालवणारा. चालवणार कोण ते सांगा, मग यंत्र सांगतो. आणि कट्ट्याच्या रिवाजाप्रमाणे खाली आपले तास लिहायचे राहिलेत."

कट्ट्याचे रिवाज दोनच होते. दुसऱ्याच्या यंत्राविरुद्ध बोलायचं तर आधी त्याच यंत्राची एक खरी चांगली बाजू सांगायची. आणि प्रत्येक मताखाली 'तास' लिहायचे. कशाचे, ते कुणी लिहिलेलं नव्हतं, कारण तिथल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. भिंगरीला नव्हतं. ती शाळेत जाणारी मुलगी, तिला तास म्हणजे एकच माहीत. तिने प्रामाणिकपणे लिहिलं, "तास: आठ."

पाचच मिनिटांत कुणीतरी आदराने विचारलं, "आठ तास कोणत्या यंत्रावर झाले, ताई?"

"पहिला भाषेचा, दुसरा गणिताचा," भिंगरीने लिहिलं, "पाचवा खेळाचा असतो, पण सर तो विज्ञानाला देतात."

मग भुसेकाका म्हणाले, "इथे यंत्र किती तास चालवलं ते लिहितात, बाळ. ज्याने जितकं वापरलं तितकंच त्याने बोलावं, एवढाच हेतू. पण शाळेचे तासही तासच. तासल्याशिवाय लाकूड सरळ होत नाही. राहा इथे."

आग लागायची तर सोडाच, तिलाच पाटावर बसवून घेतल्यासारखं झालं. ताई होती, बाळ झाली.

पण त्या 'चालवणारा' शब्दाने तिला रात्रभर कूस बदलायला लावली. नारिंगी आणि हिरवी यांवर अकरा दिवस घरात करवत चालली होती, जातानाही कापत होती, येतानाही. चालवणार कोण, हे मात्र कुणी बोललंच नव्हतं. बोलायचं काय त्यात? दोघंच तर होते. आजवर वखारीत अर्धा दिवस बाबा करवतीवर आणि अर्धा दिवस आई, असंच चालत आलं होतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत तिघी पुन्हा संगणकाच्या खोलीत. भिंगरीच्या प्रश्नाखाली आता एकतीस उत्तरं होती, आणि त्यांतली निम्मी दोघांचीच. एकाचं टोपणनाव 'ओला ओंडका', दुसरीचं 'बारीक कानस'. वकीलबाईने ती नाटकी आवाजात वाचायला सुरुवात केली.

"ओला ओंडका लिहितात, 'नारिंगीच्या ताकदीला तोड नाही, हे मी आधी मान्य करतो. पण माझं मत हिरवीकडे झुकतं.' आता ही बाई बघ. 'ओंडकासाहेब, हिरवीचा हलकेपणा मलाही मोहवतो. आपल्या मताचा आदर राखून मी नारिंगीच म्हणेन.' अगं, हे काय चाललंय? भांडा ना, बाबांनो."

"किती छान बोलतात," चिमणी म्हणाली. "आमच्या घरी मीठ मागतानासुद्धा एवढं गोड कुणी बोलत नाही."

"पुढे वाच," भिंगरी म्हणाली. तिचा पाय टेबलाखाली जोरात हलत होता, कारण ती दोन ओळी पुढे गेली होती.

बारीक कानस यांनी विचारलं होतं, "ओंडकासाहेब, राग मानू नका, पण हिरवीकडे झुकण्याचं खरं कारण काय? ती हाताने ढकलावी लागते, दमवते."

ओला ओंडका यांचं उत्तर होतं, "आपण विचारलंत म्हणून सांगतो. माझी बायको करवतीवर माझ्यापेक्षा सरस आहे, पण उंचीने कमी. नारिंगीचं डोकं सांभाळायची मूठ इतकी वर आहे की तिला टाचा उचलाव्या लागतील, आणि चालत्या करवतीजवळ टाचा उचललेलं माणूस मला बघवणार नाही. हे घरी बोलता येत नाही. एका गिऱ्हाइकाने मागे 'वहिनी, स्टूल देऊ का' म्हणून थट्टा केली, तेव्हापासून आमच्या घरात स्टूल हा शब्द उच्चारायचा नाही. म्हणून मी आपला 'हिरवी हलकी, हिरवी हलकी' करत बसतो. तास: जुन्या करवतीवर वीस हजारांच्या वर. हिरवीवर शून्य."

वकीलबाई वाचायची थांबली. "भिंगरे, तुमच्या घरी त्याला काय म्हणतात गं? ते चार पायांचं?"

"उंच बैठक," भिंगरी म्हणाली.

चिमणीने तोंडावर हात ठेवला. एकदा ती भिंगरीच्या घरी तो शब्द बोलली होती आणि आईने अर्धा तास नुसती भांडी घासली होती.

"आता खालचं," भिंगरी म्हणाली, आणि या वेळी तिनेच वाचलं. बारीक कानस यांनी लिहिलं होतं, "ओंडकासाहेब, आपल्या पत्नी नशीबवान आहेत. माझंही तसंच आहे. यांचा उजवा खांदा वर्षभर धरलाय. हाताने ढकलायची गिरणी घेतली तर महिन्याभरात तो हात कामातून जाईल. नारिंगी मोटरवर आपोआप पुढे सरकते. पण खांद्याचं नाव काढलं की हे मुद्दाम त्याच हाताने भरलेली बादली उचलतात आणि शिट्टी वाजवतात. म्हणून मीही घरी 'नारिंगी दणकट' एवढंच म्हणते. तास: धार लावण्याचे मोजले नाहीत."

"अगं बाई," चिमणी म्हणाली.

"म्हणजे हे दोघं..." वकीलबाई पडद्यावरची दोन टोपणनावं बोटाने जोडत म्हणाली.

"चार हातांवर बसून," भिंगरी म्हणाली. "एक थप्पीमागे, एक बाकावर. माझ्याकरवी एकमेकांना पत्र्याचा डबा म्हणतात आणि इथे येऊन साहेब-बाई करतात."

ती खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींसाठी वेळ नव्हता; सुट्टी संपायला आली होती. घरी जाऊन सांगून टाकावं? सांगितलं तर बाबा म्हणतील, माझ्या खांद्याला काय झालंय, आणि सरळ ओंडका उचलतील. आई भांडी घासायला घेईल. इतक्या मुश्किलीने दोघं कुठेतरी मनातलं बोलत होते, तोही कट्टा बंद पडेल. आणि सांगूनसुद्धा घोडं तिथेच अडलेलं. हिरवी घेतली तर बाबांचा खांदा जाणार, नारिंगी घेतली तर आईचा हात नीट पोचणार नाही. दोन दिवस उरले होते. घड्याळामागचं पत्र तिला इथून दिसत होतं.

"उद्या शाळा सुटल्यावर दुकानात जायचं," ती म्हणाली. "चिमणे, तू यायलाच हवीस. तू आईएवढीच आहेस."

"हे कौतुक आहे का?"

"हे माप आहे."

गिरण्यांच्या दुकानामागे मोकळं मैदान होतं आणि तिथे दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी उभी होती. दुकानदार बाहेर येऊन तिघींकडे आणि पैज हरलेल्या वकीलबाईच्या खांद्यांवरच्या तीन दप्तरांकडे बघत राहिला. "काय पाहिजे, मुलींनो? ओंडका दप्तरात आणलाय?"

"फक्त मोजायचंय, काका. यंत्र बंदच राहू द्या," भिंगरी म्हणाली. तिने बाबांचा टेप खिशातून काढला होता आणि तो हातात सारखा आत-बाहेर करत होती. "शनिवारी दहाला तुम्ही ज्यांना फोन करणार आहात, त्यांची मुलगी मी."

"बरं झालं भेटलीस. तुझे बाबा येतात, हिरवीपाशी उभे राहतात, जातात. मग तुझी आई येते, नारिंगीपाशी उभी राहते, जाते. एकदा दोघं एकदम या म्हणावं, माझं ऊन तरी वाचेल."

हिरवीची मूठ जमिनीपासून पंचेचाळीस इंचांवर होती. चिमणी उभी राहिली. हात सहज पोचला. नारिंगीची मूठ चोपन्न इंचांवर. चिमणीने टाचा उचलल्या.

"टाचा खाली ठेव," भिंगरी जरा जोरातच म्हणाली.

"मग मूठ नीट धरवत नाही गं."

नऊ इंच. सगळं भांडण नऊ इंचांचं होतं. भिंगरीने टेप सोडला, तो सर्रकन डबीत शिरला. तिने इकडेतिकडे पाहिलं. कडेला नमुन्याच्या कापलेल्या फळ्यांचा ढीग पडला होता, आणि तिला एकदम स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अख्ख्या वखारीत फळ्याच फळ्या. जन्म गेला फळ्या पाडण्यात, आणि पायाखाली घ्यायला एक सुचली नाही. कारण सुचली असती तर त्या फळीला घरात त्या चार पायांच्या वस्तूचंच नाव पडलं असतं.

"काका, त्या फळ्या घेऊ?"

एकीवर एक रचून नऊ इंच झाले. चिमणी वर चढली आणि नारिंगीची मूठ तिच्या हातात अलगद आली. "बघ, मोठी झाले," ती म्हणाली.

"पण डोकं तर रुळावरून पुढे जातं," वकीलबाई म्हणाली. "चिमणी काय फळ्या काखेत घेऊन मागे धावणार?"

"एवढीशी नाही करायची. रुळांच्या पूर्ण लांबीची, रुंद. पायवाटच." भिंगरी रुळाच्या कडेने एक टोक ते दुसरं टोक चालत गेली. दुकानदारही आता तिच्या मागून चालत होता.

"चिखलात, उंचसखल जागी सोयीचीच होईल," तो म्हणाला. "चार तुकड्यांत केलीस तर गाडीतही मावेल. पण तुझे बाबा उंच आहेत की. त्यांना तिची काय गरज?"

भिंगरी थांबली. मग ती स्वतः फळ्यांवर चढली आणि मुठीवर हात ठेवला. तिची उंची बाबांवर गेली होती. मगाशी खालून हात खांद्याशी येत होता; आता तो कोपराशी होता, खाली, सैल.

"खांदा धरलेल्या माणसाला हात वर बरा की खाली, काका?"

"खालीच. माझाही धरला होता," दुकानदार म्हणाला. "केस विंचरायची चोरी झाली होती."

शनिवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी स्वयंपाकघरात तिघंही होते. बाबांनी पत्र घड्याळामागून काढून टेबलावर ठेवलं होतं आणि त्याच्या घडीवरून अंगठा फिरवत होते. आई ओट्याला पाठ लावून उभी होती.

"तुझ्या आईला म्हणावं, वीस मिनिटं आहेत."

"तुझ्या बाबांना म्हणावं, मलाही घड्याळ कळतं."

"टपाल खातं आज बंद आहे," भिंगरी म्हणाली.

ती उभी राहिली. पाय हलत होता. हलू दे म्हणाली. गळ्यात आवाज होता, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, पण इथे रांगा दोनच होत्या, म्हणून तिने तो अर्धा केला.

"ओंडकासाहेब," ती बाबांकडे बघून म्हणाली. मग आईकडे वळली. "कानसताई."

बाबांचा अंगठा घडीवर थांबला. आईने आधी भिंगरीकडे पाहिलं, मग सावकाश, अकरा नाही आता पंधरा दिवसांनी, सरळ बाबांकडे. बाबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"रिवाज पाळा, मला संपवू द्या," भिंगरी म्हणाली. "आधी चांगली बाजू. हिरवीची मूठ खाली आहे, आणि ती कुणासाठी खाली हवी होती ते मी वाचलंय. नारिंगी आपली आपण सरकते, आणि ते कुणासाठी हवं होतं तेही वाचलंय. दोन्ही मतं मला इतकी आवडली की गुरुवारी सुट्टीनंतर विज्ञानाच्या तासाला मी बाकाखाली डोकं घालून रडले. आता माझं मत. आपण नारिंगी घ्यायची. तिच्या रुळांच्या कडेने आपल्याच लाकडाची पायवाट करायची, नऊ इंच उंच, चार तुकड्यांची. तिच्यावरून आई चालेल आणि टाचा उचलणार नाही. तिच्यावरूनच बाबा चालतील आणि हात खांद्यापर्यंत नेणार नाहीत. ती दोघांची आहे, म्हणून तिचं नाव पायवाट, दुसरं कुठलंही नाही. मापं मी काल घेऊन आलेय. ते पत्र मी माझ्या विज्ञानाच्या वहीत ठेवणार, ती वही कुणी उघडत नाही. आणि दहाला फोन वाजेल तो मी उचलणार."

तिने श्वास घेतला. काहीतरी राहिलं होतं.

"तास," ती म्हणाली, "तुमच्या दोघांवर, पंधरा वर्षं चार महिने."